दुसरं चाक उलटं फिरलं

माझ्या साडूने मला फसवलं. माझ्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधलं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल त्याने काढून आपल्या गाडीत बसवलं आणि आपल्या गाडीतलं साधं माझ्या गाडीत घातलं. मग त्या गाडीच्या जोरावर त्याने माझं गाव घेतलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, तो जाणारही नाही. पण रागात माणूस भाव चुकतो हे मी बाजारात शिकलो आहे, म्हणून तो बाजूला ठेवून लिहितो.

माझं गाव म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी आदिलाबादला भाजीचा व्यापार करतो. हातगाडीवर वांगी विकून सुरुवात केली. कोणी वारसा दिला नाही, कोणी हात धरला नाही. आता तलमडुगुच्या बाजूने माल उचलतो आणि सकाळच्या बाजारात उतरवतो. त्या बाजूची शेती बहुतेक कापूस-ज्वारीची, पण नाल्यापलीकडच्या एका गावात विहिरींना पाणी बरं आहे आणि तिथली घरं भाजी करतात. वांगी, दोडकी, भेंडी, हिरवी मिरची. त्या गावचं वांगं बाजारात लांबून ओळखू येतं. गावात खोट काढायची तर फक्त जमिनीत. काळी माती. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी मऊ, डिंकासारखी चिकट. डांबरी रस्त्यापासून शेतांच्या बांधापर्यंत जी पांदण जाते ती पावसाळाभर गाड्या गिळते.

म्हणून त्या गावचा रिवाज असा, की पावसाळ्यात सौदा भावावर होत नाही, चाकावर होतो. ज्याची गाडी बांधापर्यंत येईल त्याला सगळ्या गावाचा माल, पूर्ण हंगाम, आणि भावही थोडा उतरता. कारण गाडी डांबरावरच थांबली तर टोपल्या डोक्यावर घेऊन बायकांना नाला ओलांडावा लागतो. एकदा गाडी फसली तर गाव हसून सोडून देतं. पुन्हा फसली तर गाव मोकळं. ते दुसऱ्याला बोलावतं. यात कागद नाही, सही नाही. गावातले सर्वांत वयस्कर भाजीवाले, ज्यांना लहानथोर सगळे आबा म्हणतात, ते मृगाच्या सुमाराला पारावर एक वाक्य बोलतात आणि विषय संपतो.

ते वाक्य बरीच वर्षं माझ्या नावाने बोललं गेलं. बाजारात लोक म्हणायचे, याची जीभ गोड आहे. माझी जीभ कधीच गोड नव्हती. ते गाव मी गाडीच्या मागच्या गोळ्याने, म्हणजे त्या डिफरन्शियलने, राखलं होतं.

गाडी मिळाली मंचेरियलला. कोळशाच्या कामावर चालणारी एका कंत्राटदाराची पिकअप विकायला निघाली होती. मी साडूला सोबत नेलं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, आदिलाबादेत गॅरेज. गाडी पारखण्यात त्याच्याइतका तयार माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी आजही म्हणतो. कोळशाच्या चिखलात लोळलेली ती गाडी बघून मला तर परत फिरावंसं वाटलं होतं. साडूने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि उजवं चाक हाताने फिरवलं. डावं चाकही त्याच्यासोबत फिरलं, त्याच दिशेने. त्याने माझ्याकडे अर्धी नजर टाकली आणि कंत्राटदाराच्या मुनीमाकडे बघून तोंड वाकडं केलं.

"जड फिर रहा है भैया. अंदर से गया है. दोनों चक्के चिपक गए."

मुनीमाचा चेहरा पडला. पुढचं काम माझं होतं. मी तीन वेळा निघून जायचं नाटक केलं, चौथ्यांदा खरंच रस्त्यापर्यंत गेलो, आणि गाडी मला पाहिजे त्या किमतीत घेतली. परतीच्या वाटेवर साडू स्वतःशीच हसत होता.

"साडभाऊ, तुले सोनं भेटलं. साध्या गाडीत एक चाक पुढं फिरवलं का दुसरं मागं फिरते. ह्या गाडीचे चाकं जोडीनं चालतात. खाणीवाल्यायनं मुद्दाम बसवून घेतलं असन, अन् मुनीमाले पत्ताच नाही."

यात मी काही वावगं मानत नाही. विकणाऱ्याला आपला माल ओळखता येत नसेल तर त्यात घेणाऱ्याचा काय दोष? तो सौदा होता.

गॅरेजात नेऊन साडूने तो गोळा उघडला आणि आत काय चालतं ते मला दाखवलं. जे मला कळतं ते सगळं त्याच्याकडून कळलेलं आहे. गोळ्यातली पेटी मेजावर ठेवून तो असा बोलत होता, जसे आमच्याकडचे लोक घरच्या खिल्लारी गोऱ्ह्याविषयी बोलतात.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबची वाट असते, आतल्याला जवळची. वखर वळवताना बाहेरचा बैल झपाझप चालतो आणि आतला जागच्या जागी पाय टाकतो, तसंच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट ठोकली तर प्रत्येक वळणावर एकाला फरफटावं लागेल. म्हणून मधे डिफरन्शियल. इंजिन एका पेटीला फिरवतं. पेटीत छोटी दातेरी चाकं असतात. ती दोन्ही बाजूंना सारखा जोर देतात, आणि एक चाक हळू झालं तर दुसऱ्याला तेवढंच जलद होऊ देतात.

"डिफरन्शियल मोठं न्यायी असते," साडू म्हणाला. "दोघाले सारखंच देते. अन् तीच त्याची खोट हाये."

"न्यायात कसली खोट?"

"एका चाकाखाली चिखल आला. चिखलात चाक फिरवाले जोर कितीसा लागते? नखभर. ते भिंगरीवानी फिरते. मंग दुसरं चाक कोरड्यात असन तरी त्यालेबी नखभरच भेटते, कारण वाटणी सारखी. गाडी जाग्यावर. गरीब चाक जेवढं खाऊ शकते तेवढंच श्रीमंत चाकाले वाढते हे."

मग त्याने त्या पेटीच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. पातळ, पोलादी, तेलाने गार. एक चकती पेटीच्या खाचेत अडकणारी, पेटीबरोबर फिरणारी. तिला लागून दुसरी, चाकाच्या दांड्याकडे अडकणारी, चाकाबरोबर फिरणारी. परत पेटीची, परत चाकाची. लग्नाच्या पंगतीत वरपक्ष आणि वधूपक्ष एकाआड एक बसवावेत तशी चळत. एक स्प्रिंग त्यांना सतत एकमेकांवर दाबून धरते. गाडी सरळ चालली आहे तोवर चाक आणि पेटी एकाच वेगाने फिरतात, चकत्यांना काही काम नाही. वळणावर थोडा फरक पडतो, तेवढं त्या तेलात घसरून घेतात. पण एखादं चाक चिखलात मोकाट सुटलं, की त्याच्या चकत्या पेटीच्या चकत्यांवर घासू लागतात. ते घासणं पळत्या चाकाला मागे ओढतं, आणि त्या ओढण्याने जो जोर वाया जाणार होता तो थांबलेल्या चाकाकडे जातो.

आणि खरी गंमत पुढे आहे. इंजिनाने जास्त जोर लावला की आतली दातेरी चाकं एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि तो दाब चकत्यांवर पडतो. जितका भार तितकी पकड. कोणी बटण दाबत नाही, कोणी दांडा ओढत नाही. गरज पडली की पकड येते, गरज सरली की सुटते. पुरतं बांधूनही टाकत नाही. बांधलं असतं तर वळणावर टायर फाटले असते. घसरू देतं, पण एका मर्यादेपर्यंत. दोर ताणायचा पण तोडायचा नाही, सैल सोडायचा पण हातातून जाऊ द्यायचा नाही, हे शिकायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि तरी रागाच्या भरात मी कित्येक सौदे मोडले आहेत. त्या मूठभर चकत्यांनी कधी एक सौदा मोडला नाही. ज्या कोणी हे प्रथम शोधलं त्याने चिखलात फसलेली गाडी आधी पुष्कळ ढकलली असणार. बसल्या जागी असं सुचत नाही.

त्याची मर्यादाही साडूने तेव्हाच सांगितली. एक चाक अगदीच अधांतरी राहिलं तर स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो. तेव्हा हँडब्रेक किंचित ओढायचा. मोकळ्या चाकाला वाटतं आपल्यावर भार आला, आतली दातेरी चाकं ढकलू लागतात, चकत्या आवळतात, आणि दुसरं चाक उचल खातं. "खोटा भार दाखवाचा, खरा जोर काढाचा," साडू म्हणाला. मला ते लगेच समजलं. बाजारात मी दुसरं काय करत होतो?

पहिल्याच हंगामात त्या पांदणीत परीक्षा झाली. नाला उतरून वर चढताना डावीकडे खोल लगदा आहे आणि उजवीकडे गवताची कड. आधीच्या सगळ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या तिथेच बसायच्या. डावं चाक भुर्र फिरायचं, चिखल अंगावर उडायचा, आणि उजवं चाक गवतावर शांत बसून तमाशा बघायचं. माझी गाडी तिथे आली. डावं चाक घसरलं, बुडाखालून एक बारीक धक्का बसला, आणि उजव्याने गवतात दात रोवले. गाडी गुरगुरत वर आली आणि बांधावर जाऊन थांबली. टोपल्या भरून बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी गाडीला हात लावून म्हणाली, "बरं झालं माय, तुले चाकं नाही, पाय हायेत."

आबा मात्र चाकाशी उकिडवे बसून बघत होते.

"काऊन बा, तुह्या गाडीचं उजवं चाक झोपलं कसं नाही?"

मी साडूने सांगितलं तसं सगळं सांगितलं. चकत्या, पंगत, वाटणी. आबांनी तंबाखू मळून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे जू आपोआप सरकते," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी हातातल्या काठीवर दाखवलं. जोडीत एक बैल दुबळा असला तर शेतकरी जू मधोमध बांधत नाही. दुबळ्याकडची बाजू लांब ठेवतो, तगड्याकडची आखूड. मग तगड्याच्या खांद्यावर जास्त भार येतो आणि जोडी चालते. बरोबर मधे बांधलं तर दोघांना सारखाच भार, आणि दुबळा जिथे गुडघे टेकेल तिथे तगडाही थांबेल. "साध्या गाडीचं जू मधात बांधलं हाये. तुह्या गाडीचं जू, जो बैल थकला त्याच्याकून सरकून जाते. चालता चालता. सोडाबांधाचं कामच नाही. भारी अक्कल हाये बाप्पा." एवढं नेमकं वर्णन मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही.

त्या वर्षीपासून आबांनी एक नवी रीत पाडली. पोळ्याला बैलांच्या रांगेत शेवटी माझी गाडीही तोरणाखाली उभी राहायची. "तेबी आमचा भार वाहते," ते म्हणाले, आणि कोणी वाद घातला नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी होते. पळसाच्या पानाने खांद्याला तूप-हळद लावून शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून बैलांना निमंत्रण देतात. मग गाडीचा खांदा कोणता? मागचा गोळा. म्हणून त्याच सांजेला त्या गोळ्यातलं जुनं तेल काढून नवं भरायचं, असं ठरून गेलं. ते काम करायला साडू दरवर्षी त्या गावात यायचा. एक तेलाचा डबा आणि सोबत एक लहान बाटली. बाटलीतलं औषध तेलात मिसळलं नाही तर चकत्या वळणावर गुळगुळीत घसरत नाहीत, पकडतात-सोडतात, पकडतात-सोडतात, असं त्यानेच मला सांगितलं होतं. बायका त्यालाही ओवाळायच्या. आणि दुसऱ्या दिवशी तोरणाखाली मी मागची चाकं जॅकवर उचलून एक चाक फिरवायचो. दुसरं सोबत फिरायचं. गाव म्हणायचं, "जोडी जुळली." मग तोरण तुटायचं आणि बैल घराकडे सुटायचे.

साडू माझ्या शेजारी उभा राहून दरवर्षी तेच बोलायचा. "माही गाडी याच कंपनीची, याच साच्याची. पण आत साधं. असं असतं तं मी गॅरेज कायले चालवलं असतं?" लोक हसायचे. मीही हसायचो.

गेल्या वर्षीच्या खांदशेकणीला त्याने डबा आणला, बाटली आणली नाही.

"औषध?"

"आता कंपनी डब्यातच मिसळून देऊन राह्यली. नवं तेल हाये."

माझ्याशी कोणी वांग्याच्या वजनात खोटं बोलला असता तर मी टोपली उलटी करून बघितली असती. इथे डब्यावरचं लेबलही वाचलं नाही. साडूच्या हातातला डबा होता.

पोळा झाला. जोडी जुळली. पण त्यानंतर वळणावर गाडीखालून आवाज येऊ लागला. कट, कट, कट. औषधाविना चकत्या पकडत-सोडत होत्या, हे आज कळतं. बाजाराच्या फाटकातून आत वळलं की हमाल मागे वळून बघायचे. मी गाडी साडूकडे नेली. त्याने ती उचलली, चाक फिरवलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"जड फिरून राह्यलं. आतून गेलं."

हे वाक्य मी मंचेरियलला ऐकलं होतं. तेच तोंड, तोच सूर, फक्त हिंदीचं मराठी झालं होतं. तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो; आता मुनीमाच्या जागी होतो. कोणी म्हणेल, मग फरक काय? फरक असा की तो मुनीम माझा साडू नव्हता.

चकत्या जळल्या, नव्या घालतो, गाडी ठेवून जा, असं तो म्हणाला. त्याची स्वतःची पिकअप तेव्हा शेजारीच उभी होती, मागची चाकं काढलेली. मी विचारलंही, हिला काय झालं? "बेअरिंग," तो म्हणाला. गाडी परत मिळाली तेव्हा आवाज गेला होता. काम कसं होतं तेही सांगतो, कारण खोटं बोलणं माझ्या सौद्यात बसत नाही. एका गाडीचा गोळा दुसऱ्या गाडीत बसवायचा तर दात्याला दाता केसभर मोजून जुळवावा लागतो. किंचित सैल राहिला तर गाडी घुं-घुं करते, किंचित आवळला तर तापते. माझ्या गाडीने ना आवाज केला, ना तेलाचा थेंब टाकला. चोरी होती, पण हात सोन्याचा होता. या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ती अशी जमली नसती.

"एक ध्यानात ठेव, साडभाऊ," तो चावी देताना म्हणाला. "नव्या चकत्या बसायले एक पावसाळा लागते. सुरुवातीले घसरन थोडी."

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कोरड्या रस्त्यावर सगळी डिफरन्शियल सारखीच. तिथे चांगलं काय नि साधं काय, कुणालाच कळत नाही. यंदा पाऊस लागला आणि त्याच चढावर, त्याच गवताच्या कडेला माझी गाडी बसली. डावं चाक भुर्र फिरलं आणि उजवं झोपलं. मी हँडब्रेक ओढून पाहिला. गाडी थोडी हलली, पुन्हा बसली. गाव हसलं. बायकांनी टोपल्या उचलल्या आणि नाल्याकडे निघाल्या. मी टायरवाल्याशी भांडलो, नवे टायर घातले, मागे वजनाला पोती ठेवली, आणि साडूचं वाक्य स्वतःला सांगत राहिलो, एक पावसाळा लागतो.

दुसऱ्यांदा बसली तेव्हा कोणी हसलं नाही. आबा छत्री घेऊन आले.

"तू मानूस चांगला हायेस बा. पण तुह्या चांगुलपणानं आमच्या बायायची मान हलकी होत नाही."

पुढच्या खेपेला मी डांबरावरून पाहिलं. साडूची पिकअप पांदणीत उतरली, नाला ओलांडून चढाला लागली. डावं चाक लगद्यात घसरलं. मग तो बारीक धक्का, जो मी माझ्या हाडांत ओळखतो, आणि उजव्या चाकाने गवत धरलं. गाडी बांधावर गेली. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच चकत्यांवर. आणि खरं सांगतो, शिव्या तोंडात होत्या तरी मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की काय सुंदर चढते.

साडू परत येताना माझ्याजवळ थांबला. गॅरेजवाल्याच्या गाडीत माझ्या गावची वांगी होती.

"वाईट वाटून घेऊ नको," तो खिडकीतून म्हणाला. "गाव दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून मी राखून राह्यलो. तुही गाडी सुधरली का देतो."

तेव्हाही मला शंकाच होती, खात्री नव्हती. गॅरेजचा माणूस, स्वतःच्या गाडीत कुठून तरी घातलं असेल, असं मी मनाशी म्हणालो. खात्री पोळ्याला झाली.

माल गेला तरी आबांनी गाडी आणायला सांगितलं होतं. "पोळ्याचा आन् मालाचा संबंध नाही," ते म्हणाले. यंदा खांदशेकणीला साडू आला नाही. पोळ्याच्या दिवशी त्याची पिकअप डांबरावर दिसली, मग कुणाचा तरी फोन आला म्हणे आणि ती परत वळून गेली. तोरणाखाली बैल सजले होते, शिंगांना बेगड, अंगावर झुली. मी नेहमीप्रमाणे जॅक लावला. लोक जवळ आले. मी उजवं चाक पुढे फिरवलं.

डावं चाक मागे फिरलं.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं. त्यात आवाज नव्हता, खोट नव्हती, धडधाकट साधं डिफरन्शियल असंच फिरतं. जळलेल्या किंवा झिजलेल्या चकत्या असत्या तर फिरण्यात थोडी तरी ओढ लागली असती. इथे तुपासारखं सैल. मागून कोणी तरी म्हणालं, "जोडी फुटली रे," आणि दोघं-तिघं हसले. ज्या म्हातारीने कधी गाडीला पाय आहेत म्हटलं होतं, ती हातातलं ओवाळणीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. ओवाळावं की नाही, तिला कळेना.

आबांनी स्वतः वाकून चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "जू मधात बांधलं कोनी तरी."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो. निघताना बायको घराच्या दारात आडवी आली होती. "बाईच्या घरी आवाज चढवू नका. माही बहीण हाये ते." मी आवाज चढवला नाही. साडू चहा पीत होता. त्याने माझ्यासाठीही मागवला.

"तुमची गाडी उचला," मी म्हणालो. "मागचं चाक फिरवा."

"कायले?"

"बघू, दुसरं कोणीकडं फिरते."

"आन् सोबत फिरलं तं?"

"तं माझं हाये. तुमच्या गाडीत कंपनीनं साधंच घातलं होतं. गावासमोर दरसाल तुमीच सांगत होता."

त्याने कप बशीत ठेवला. "लोखंडावर तुहं नाव लिवलं हाये का?"

"तुमच्या तोंडावर लिहिलं हाये."

"माह्या गाडीले जॅक कवा लावाचा हे मी ठरवीन. तुह्या नाही, माह्या गॅरेजात उभा हायेस तू." मग त्याने बशी बाजूला सारली. नंतर हळूच म्हणाला, "तुह्यापाशी गाव होतं, गाडी होती. माह्यापाशी फक्त हात होते. त्या सोन्याची पारख मी केली होती, मंचेरियलले. तू फक्त घासाघीस केली."

हे उत्तर नाही. पारख केली म्हणून माल आपला होत नाही. तसं असतं तर बाजारातला प्रत्येक वांगं दाबून बघणारा ते घरी घेऊन गेला असता. पण त्याने 'नाही' असं म्हटलं नाही, हे मी ऐकलं. आणि माझ्या चहाला मी हात लावला नाही, हे त्याने पाहिलं.

आबांना मी सगळं सांगितलं. न्याय करा म्हणालो. ते म्हणाले, "कोनाचं लोखंड कोनाच्या पोटात गेलं हे मले समजत नाही. आमाले बांधावर येनारी गाडी पाह्यजे, आन् ते कोनाची हाये हे माहीत पाह्यजे. दसऱ्याले दोघंबी गाड्या घेऊन या. पाराजवळ. दोघायच्याबी गाड्या उचलू. जो येनार नाही, पुढच्या मृगाले त्याचं नाव मी घेनार नाही."

मला हे मान्य आहे. मी येणार. माझी गाडी तोरणाखाली उघडी पडली आहे, आता लपवायला काही नाही. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो, साडभाऊ. इतकी पानं मी तुम्हाला अरे-तुरे केलं, ते माफ करू नका, मी माफी मागत नाही. पण चकत्या, पंगत, मर्यादा, खोटा भार आणि खरा जोर, हे सगळं मला तुम्हीच शिकवलं, आणि जे शिकवलं ते खरं होतं. त्या यंत्राला लाज वाटेल असं वागू नका. दसऱ्याला पाराजवळ या. स्वतःच्या हाताने जॅक लावा. सगळ्या गावासमोर, त्या बायकांसमोर, उजवं चाक पुढे फिरवा. आणि डावं चाक सोबत आलं, तर ते तुमच्या गाडीत कुठून आलं, ते तुमच्या तोंडाने सांगा.